काका निवृत्त झाले, ताई आल्या आणि पठारावर खड्डे खणणं थांबलं

पायवाट (धागाकर्ता)

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडपाशी आम्ही पंचवीसेक जण जमलो होतो. हार नव्हते, भाषण नव्हतं. काकांनी पिशवीतून सुतळीत ओवलेली शेडची किल्ली काढली आणि ताईंच्या हातात ठेवली. मग पुठ्ठ्याची एक लांबट वही दिली. म्हणाले, "किल्ली हरवली तर कुलूप फोडता येईल. वही जप." एवढं बोलून नेहमीसारखे कुदळ घेऊन ओढ्याकडे निघून गेले. आमच्यातल्या दोघी-तिघींचे डोळे भरून आले होते. माझेही.

पुण्यात आणि मुळशी-भोरकडे टेकड्यांवर देशी झाडं लावण्याचं आणि रान जपण्याचं काम करणारी ही छोटी संस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. काका संस्थापक. वीस-बावीस वर्षं अध्यक्ष तेच, रोपवाटिकेत पिशव्या भरणारे तेच आणि परवानगीसाठी वनखात्याच्या बाकावर तासन् तास बसणारेही तेच. आता गुडघे साथ देत नाहीत. ताई बारावीत असताना पहिल्यांदा टेकडीवर आल्या होत्या. पुढे वनस्पतिशास्त्र शिकल्या, काही वर्षं बाहेर काम केलं आणि आता धुरा त्यांच्याकडे आली आहे. आपल्यातलंच माणूस, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की पठारावर यापुढे झाडासाठी एकही खड्डा खणायचा नाही. झाडं लावायची ती ओढ्याच्या काठांना आणि उतारावर जिथं मातीचा थर आहे तिथं. पठार गवताचं राहील. शिवाय देणगीदारांना "इतकी झाडं लावली" हा आकडा द्यायचा नाही. तिसरा उन्हाळा काढून जी जगली तेवढीच मोजायची आणि तेवढीच सांगायची.

बैठकीत कुणी काही बोललं नाही. रात्री मात्र व्हॉट्सअ‍ॅप गटावर बरंच झालं, आणि आमचा एक जुना सहकारी गट सोडून गेला. ते मनाला फार लागलंय, म्हणून हा धागा.

मी स्वतः १६ वर्षं टेकडीवर जातोय. पठारावरच्या शेकडो खड्ड्यांत माझी पहार चालली आहे. तरी मला ताईंचं पटतं. त्याचं कारण एक जुना प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीने एका दिवसात मोठं वृक्षारोपण करायचं ठरवलं. पाहुणे येणार म्हणून आम्ही आदल्या आठवड्यात पठारावर ओळीने खड्डे खणत होतो. माझ्या पहारीखाली काहीतरी मऊ लागलं. बघतो तर लहान बटाट्याएवढा कंद, मधोमध चिरलेला, कापलेल्या जागी पांढरा पाणीदार रस. ताई शेजारीच होत्या, तेव्हा त्या शिकत होत्या. त्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "दादा, हे कंदीलपुष्प आहे." पावसाळ्यात गवतात वीतभर वेल येते, तिला छोट्या कंदिलासारखं फूल लागतं. मी ते फूल फोटोत पाहिलं होतं. आपण रोज ज्या जागेवरून चालतो तिथं ते असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी उरलेल्या ओळींत असे किती कंद गेले असतील, ते मला आजही आठवतं. त्या ओळीतली बहुतेक झाडं दुसऱ्या उन्हाळ्यातच वाळली.

पुण्याच्या टेकड्या जंगलाच्याच होत्या आणि आपण त्या बोडक्या केल्या, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. उतारांबद्दल, घळींबद्दल ते बरंचसं खरंही असेल. तिथं सालई, मोई, धावडा, खैर, गणेर अजून उभे आहेत. पण वरचं पठार म्हणजे काळा कातळ, त्यावर मुरूम आणि कुठं चार बोटं माती. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत पडून जातो. अशा ठिकाणी कुसळी, पवना, मारवेल ही गवतंच मूळ रहिवासी आहेत.

गिरिपुष्पाची गोष्ट इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मध्य अमेरिकेकडचं हे झाड. फांदी खोचली तरी फुटतं, खडकाळ जमिनीत तगतं, म्हणून टेकड्या लवकर हिरव्या करायला ते लावलं गेलं. फेब्रुवारीत गुलाबी फुलतं, लोक फोटो काढतात. पण त्याच्या राईत शिरून खाली बघा. वाळक्या पानांचा थर, गवताचं पातं नाही, पाखरांचा आवाज नाही. काकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं त्या राईत मोकळ्या जागा करून देशी झाडं वाढवण्यात घातली. ताई म्हणतात ते काम तसंच चालू ठेवायचं, फक्त पठाराला हात लावायचा नाही. पठारावर आधी लावलेली आणि जगलेली झाडंही कुणी तोडणार नाही. माझ्या आईच्या नावाने लावलेला एक बहावा तिथं आहे, तो राहणार आहे.

मला विचारायचंय ते असं. ज्यांनी आपापल्या संस्थांत असा बदल पाहिलाय त्यांनी सांगा, जुनी माणसं कशी टिकवली? आणि काकांच्या डोक्यात जे आहे ते पुढे कसं न्यायचं? वहीत सगळं नाही. कुठल्या दगडाखाली मार्चपर्यंत ओल असते, कुठला गुराखी सांगितल्यावर ऐकतो, कुठल्या वळणावरून दरवर्षी वणवा वर चढतो, हे त्यांच्या पायांना माहीत आहे. ते पाय आता थकलेत.

बहावा

धागा मनापासून आवडला. कंदाचा प्रसंग वाचून गलबलून आलं. वाचतेय.

कोथरूडकर_७२

नमस्कार. मी रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातो, काम करत नाही, तेव्हा चूक असेल तर सांगा. शहर दरवर्षी तापत चाललंय. मोकळी जागा उरली आहे ती टेकड्यांवरच. तिथंही झाडं लावायची नाहीत तर लावायची कुठं? आणि पठार रिकामं दिसलं की त्यावर रस्त्याचा नाही तर बांधकामाचा डोळा पडतो, हा आपला अनुभव आहे. झाडं उभी असली तर निदान तोडायला परवानगी तरी मागावी लागते. गवतासाठी कोण कोर्टात जाणार?

गवतपातं

कोथरूडकर काका, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे आणि आम्हालाही त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. सरकारी दप्तरात गवताळ माळाला बहुतेक वेळा 'पडीक' म्हणतात. इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीतून सारा किंवा लाकूड मिळत नाही ती पडीक. तो शब्द अजून चिकटून आहे. पण त्यावर उपाय म्हणून माळावर झाडं खोचली तर माळ जातो आणि झाडंही जगत नाहीत.

मी याच संस्थेत दोन वर्षं काम करतेय. कुसळीचं एक ठोंब उपटायचा प्रयत्न करून बघा, येणार नाही. मुळं मुरमाच्या फटींत घट्ट बसलेली असतात. पहिल्या जोराच्या पावसात पठारावरची माती धरून ठेवतात ती हीच मुळं. उन्हाळ्यात वरचं गवत वाळतं, जळतंसुद्धा, पण खाली जीव असतो आणि पाऊस पडला की आठवडाभरात हिरवं होतं. चंडोल जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटं करतो. तित्तिरही तसाच. झाडांची सावली दाट झाली की ही पाखरं जागा सोडतात.

आणखी एक, खास मराठी वाचकांसाठी. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुनं मराठी साहित्य आणि लोकगीतं तपासली, त्यात कुठली झाडंझुडपं येतात ते पाहिलं. १३व्या शतकापासूनच्या या नोंदींत बरीचशी नावं माळरानावरची आहेत: हिवर, पळस, काटेरी झुडपं, गवताचे माळ. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले माळ हे काही कालपरवा जंगल तोडून झालेले नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्यावर गाणी रचली तो मुलूख असाच होता.

सावली हवी तर ती रस्त्यांच्या कडेला, सोसायट्यांत, शाळांच्या मैदानांभोवती हवी. माणूस तापतो तो तिथं. कडुनिंब, करंज, वड, उंबर तिथं लावूया. मी स्वतः रोपं आणून देईन.

हिशेबनीस

मी दोन-तीन ट्रस्टचे हिशेब बघतो, म्हणून कोरडी वाटेल पण फार महत्त्वाची गोष्ट सांगतो. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. सोबत सभेची सूचना, सभेचा ठराव, जाणाऱ्याचा राजीनामा आणि येणाऱ्याचं संमतिपत्र लागतं. लोक सत्कार करतात, फोटो काढतात आणि हे विसरतात.

एका संस्थेत काय झालं ते मी जवळून पाहिलंय. अध्यक्ष बदलले, अर्ज उशिरा गेला, त्यात एका जुन्या सभासदाने हरकत घेतली. बँकेने सह्या बदलून द्यायला नकार दिला. खात्यात पैसे होते, पण काढता येईनात. तो काळ नेमका मार्च ते मे. पाणी घालणाऱ्या दोन राखणदारांचा पगार अडकला. त्यांनी महिनाभर उधारीवर काम केलं, मग गावी गेले. त्यांचा तरी काय दोष? जूनमध्ये जाऊन पाहिलं तर अडीच वर्षं वाढवलेली रोपं काड्या होऊन उभी होती. मी तेव्हा त्या संस्थेचे हिशेब बघत होतो आणि आधीच बजावायला हवं होतं, ही रुखरुख अजून आहे.

तेव्हा पायवाट, ताईंना सांगा: बँकेच्या सह्या, प्राप्तिकराच्या पोर्टलवरची माहिती, करसवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदणीच्या मुदती, कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ ची नोंद, हे सगळं आत्ता थंडीतच उरकून घ्या. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरच्या बिलावर सही करायला माणूस हवा.

जगलेल्या झाडांचा आकडा द्यायचा हे मला पूर्ण पटलं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामाला द्यावी लागते. पण ती आर्थिक वर्षाच्या चौकटीत खर्ची पडावी आणि ५ जूनला, पर्यावरण दिनाला, फोटो निघावा, अशी घाई असते. ५ जूनला पुण्यात पाऊस धड सुरूही झालेला नसतो. रोपाला लागतात तीन वर्षं. करार तीन वर्षांचा मागा. देणारे कमी होतील, पण जे राहतील ते टिकतील.

रामनदीकाठ

आमच्याकडे रामनदीच्या काठाने हेच काम थोड्या वेगळ्या रूपात चालतं. भुकूमकडून निघून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत ती औंधला मुळेला मिळते. काठावर वाळुंज, करंज, उंबर लावतो, जलपर्णी काढतो. टेकडीवरचं पाणी शेवटी आमच्याकडेच येतं, म्हणून ओढ्याच्या काठावर भर देण्याचा तुमच्या ताईंचा निर्णय आम्हाला फार मोलाचा वाटतो. २५ सप्टेंबर २०१९ ची आंबील ओढ्याच्या पुराची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. ओढा अरुंद झाला, काठ उघडे पडले, आणि माणसं गेली.

दोन_कॅन

गट सोडणारा तो मीच.

धागा बायकोने वाचायला दिला. लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. पायवाटला माझा राग नाही, ताईंचाही नाही. त्या पोरीला मीच पहिल्यांदा खुरपं कसं धरायचं ते दाखवलंय.

पण माझं ऐका. ११ वर्षं दर रविवारी खालच्या नळावरून पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन वर चढलोय. मुलीचा साखरपुडा होता त्या रविवारीही पहाटे जाऊन पाणी घालून आलो. पठाराच्या उत्तरेच्या कडेला माझे ३१ खड्डे होते. त्यातली सात झाडं जगली. मला प्रत्येक झाड माहीत आहे. आणि एक दिवस बैठकीत कळतं की ती जागाच चुकीची होती. शास्त्र बरोबर असेल, मला वाद घालायचा नाही. पण आधी आम्हा चार म्हाताऱ्यांना शेडपाशी बसवून चहा देऊन सांगितलं असतं, तर कळलं नसतं का आम्हाला? आम्ही काय कंपनीचे पाहुणे होतो?

पायवाट (धागाकर्ता)

दादा, तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बैठकीआधी मला ताईंनी फोनवर थोडी कल्पना दिली होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की आधी जुन्या मंडळींशी बोला. मी बोललो नाही, ही माझी चूक. कालच ताईंना हे सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मी कागद घेऊन आले, माणसं बघितलीच नाहीत." त्या तुमच्या घरी यायचं म्हणतायत. येऊ द्या.

भोरचा_मावळा

राम राम मंडळी. मी भोर तालुक्यातला, आमच्या गावच्या देवराईत तुमच्याच संस्थेचं काम हाय असं वाटतंय, काका म्हणजे आमचे पण काकाच.

शहरातल्या लोकांना एक सांगायचं हाय. संस्थेत माणूस बदलला की गावात नवा चेहरा येतो. तो आल्यावर पुन्हा पहिल्यापासून: देव कुठला, जत्रा कधी, रान कुणाचं, भांडण कशावरून. आमची म्हातारी माणसं दमतात हो सांगून सांगून. एकदा दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचा साहेब आला होता, त्यानं राईतलं पडलेलं लाकूड साफ करा म्हणून सांगितलं, दिसायला बरं दिसतंय म्हणून. देवाच्या राईतली वाळकी काडीसुद्धा आम्ही चुलीला नेत नाही. लय मन दुखलं लोकांचं, दोन वर्ष कुणी संस्थेला गावात उभं केलं नाही.

काकांनी तसं कधी केलं नाही. पहिलं वर्ष नुसते येऊन भगताबरोबर बसायचे. राईत रानमोडी आणि घाणेरी माजली होती कडेनं, ती काढायची का हे पण गावसभेत विचारलं. मग बाया-माणसं मिळून काढली. आतलं पान हलवलं नाही. आता झऱ्याला शिमग्यापर्यंत पाणी असतंय.

नव्या ताईंना काकांनी एकदा सोबत आणावं, देवाला नारळ द्यावा, जेवून जावं. नुसता फोन नको.

गवतपातं

मावळा दादा, येणार आहोत. काकांनीच सांगितलंय की मार्गशीर्षात जायचं, तेव्हा लोक शेतातून थोडे मोकळे असतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या, त्याही अशाच गावागावांत बसून. आम्ही ते वाचूनच या कामाकडे वळलो.

धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गेले तीन शनिवार आम्ही दोघी काकांबरोबर टेकडी चालतोय. ते पुढे, काठी घेऊन, आम्ही मागे मोबाइलवर आवाज मुद्रित करत. दोन तासांत फार तर अर्धा किलोमीटर होतो. परवा ते एका सालईपाशी थांबले, साल सोलून निघाली होती तिथं बोट घासून आम्हाला वास घ्यायला लावला, उदासारखा. म्हणाले, ही बियांपासून नाही आली, वरच्या घळीत मोडून पडलेली फांदी होती, मे महिन्यात आणून खोचली, पहिली दोन वर्षं पान दिसेना, सगळे म्हणत होते मेली. वहीत या झाडापुढे फक्त 'सा. फांदी' एवढंच लिहिलंय.

मग गवतात खाली बसले. कुसळीचं एक कुसळ तोडलं, तळहातावर ठेवलं आणि त्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकलं. वेटोळं घेतलेली ती काळी शेपटी हळूहळू उलगडायला लागली आणि बी तळहातावर फिरायला लागलं. पाऊस पडला की ते असंच स्वतःला फिरवत मातीत घुसवून घेतं. काका म्हणाले, "मी २० वर्षं पहार चालवली, आणि हे बघ, याला पहार लागत नाही." बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मला वाटतं पठाराचा निर्णय त्यांना ताईंच्याही आधी कळला होता.

कोथरूडकर_७२

गवतपातं, तुमच्या पहिल्या उत्तरानंतर काल मुद्दाम पठारावर थांबून खाली बघितलं. इतकी वर्षं मी फक्त समोर बघत चालत होतो. माझी शंका पूर्ण गेली नाही, रस्त्याची भीती अजून आहे. पण माळ वाचवायला सह्या गोळा करायच्या असतील तर माझ्या इमारतीतल्या ४० घरांच्या मी आणून देतो. रस्त्याकडेच्या रोपांसाठीही सांगा, सोसायटीत जागा आहे.

दोन_कॅन

ताई काल संध्याकाळी येऊन गेल्या. दीड तास बसल्या. सगळं पटलं असं नाही, पण माझ्या सात झाडांची जागा त्यांनी नकाशावर माझ्याकडून खुणा करून घेतली.

डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला ठेवतो तो गवत नसलेला पट्टा, काढायच्या आधी मला बोलवा. मागच्या वर्षी पोरांनी रेषा पायवाटेच्या वरून काढली, तिथं वारा खालून फिरतो आणि आग उडी मारते. ती कातळाच्या कडेने काढायची असते, थोडी खाली. मी दाखवतो.

पायवाट (धागाकर्ता)

दादा, जाळरेषेचं तुमच्याकडेच.

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद ताईंना छापून दिला. बदल अर्जाची कागदपत्रं जमवायला सुरुवात झाली आहे. वकिलांकडे जायच्या आधी एकदा तुम्ही नजर टाकलीत तर आभारी राहीन, व्यक्तिगत निरोप करतो.

येत्या रविवारी पठारावर कुसळीचं आणि पवन्याचं बी गोळा करायचं आहे. गिरिपुष्प काढून मोकळ्या झालेल्या पट्ट्यांत पुढच्या जूनमध्ये ते पसरायचंय. सकाळी साडेसहा, शेडपाशी. सुती गोणी किंवा जुनी उशीची खोळ आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बी घामेजतं. बूट आणि जाड पायमोजे घाला, कुसळं कापडात शिरून टोचतात. कोयते, विळे आणू नका, बी हातानेच ओरबाडायचं आहे. सगळंच घ्यायचं नाही, दर ठोंबावर निम्मं तरी सोडायचं. काका येणार आहेत, त्यांच्यासाठी कुणी घडीची खुर्ची आणू शकेल का?

बहावा

माझ्याकडे आहे. आणते.